आमची बोली कोणत्या रकान्यात?

२०११ च्या जनगणनेच्या वेळची गोष्ट. रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या पडवीत प्रगणक गुरुजी बसले होते. नाव, वय, शिक्षण सारे लिहून झाले आणि मातृभाषेचा प्रश्न आला. आमच्या थोरल्या बंधूंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "उर्दू लिवा." गुरुजींनी लिहिले. आतून दादीने विचारले, "काय इचारतंय तो?" बंधूंनी तिला जे समजावून सांगितले ते अर्थातच उर्दूत नव्हते. उर्दूत सांगितले असते तर तिला अर्धेअधिक कळलेच नसते. त्या दिवशी आमच्या घरातली सात माणसे उर्दूभाषक म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली. आम्हीही तेव्हा गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे.

कोकणी मुसलमानांची बोली आहे तरी किती जुनी? बोलीचा जन्मदाखला कोणी देऊ शकत नाही. पण बोलणाऱ्यांचा थोडाफार माग लागतो. अरब प्रवासी अल्-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले होते आणि याच मातीत जन्मलेलेही होते. म्हणजे दिल्लीत सुलतान बसण्याच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी या किनाऱ्यावर अजान होत होती. ती तलवारीबरोबर नव्हे, तर मोसमी वाऱ्याबरोबर आली. आजही कोकणी मुसलमान शाफई मजहबाचा आहे, तर घाटावरचा बहुतांशी हनफी. मलबार, पूर्व आफ्रिका, जावा-सुमात्रा या समुद्रकाठच्या मुसलमानांशी आमचे हे नाते आहे. घरात मात्र इथल्या आयांची भाषा राहिली. बापाने दर्यावरून शब्द आणले, आईने वाक्य दिले.

ते शब्द अजून जिवंत आहेत. मोसम अरबी, बंदर फारसी, लंगर फारसी. जहाजाचा मालक तो नाखुदा, त्याचाच आपण नाखवा केला आणि मग तो हिंदू कोळ्यांच्या गाण्यातही जाऊन बसला. गुराब नावाचे लढाऊ गलबत म्हणजे अरबीतला कावळा. खलाशी, सारंग, मालम हे सारे त्याच गोतावळ्यातले. शब्द असे परदेशी असले तरी त्यांना जोडणारे प्रत्यय, क्रियापदे, होकार-नकार सगळे इथले. 'माना मालूम नाय' या तीन शब्दांच्या वाक्यात अरबी शब्द एकच आहे आणि तोही मराठी व्याकरणाच्या मुठीत आहे.

राज्यकारभारातही ही सरमिसळ होती. इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात महसुलाचा हिशेब फारसीतून काढून मराठीत आणला. दाभोळ हे विजापूरचे नाणावलेले बंदर. १४७२ मध्ये रशियन व्यापारी निकितीन इथूनच परत निघाला आणि १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आल्मैदाने हेच दाभोळ जाळले. अशा प्रदेशातले आमचे काझी, खोत, मुकादम यांना फारसी आणि मोडी दोन्हींशी संबंध ठेवणे भागच होते. परकार, दलवाई, चौगुले, देसाई, सारंग ही आमची आडनावे त्या कारभाराची आणि त्या दर्याची आहेत. बोली मात्र कोणत्याच कागदावर आली नाही. ती चुलीपाशी, होडीत आणि लग्नाच्या मांडवात बायकांच्या गाण्यांत राहिली.

ती कागदावर आणली इंग्रजांनी. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो मराठीचा खंड. त्यात बाणकोटी आणि संगमेश्वरी मराठीच्या कोकणातल्या बोली म्हणून आल्या, तर रत्नागिरी ते कारवार किनाऱ्यावरच्या मुसलमान मच्छीमारांची दालदी कोंकणीखाली गेली. त्या काळी कोंकणीही याच खंडात मराठीची बोली म्हणून बसवलेली होती, त्यामुळे तेव्हा कोणाला काही खटकले नाही. पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली. मग प्रश्न उभा राहिला: दालदी कोणाची, बाणकोटी कोणाची? शेजारच्या दोन मोहल्ल्यांत सोयरीक होते, पण ग्रंथालयात त्यांची कपाटे वेगळी. आणि जनगणनेत दोन्ही मोहल्ले तिसऱ्याच रकान्यात.

त्या तिसऱ्या रकान्याविषयी थोडे मोकळेपणाने बोलू. उर्दूवर आमचा राग नाही. दीनी किताबे आम्हांला उर्दूतून मिळाली, मुंबईच्या छापखान्यांतून आलेली वर्तमानपत्रे उर्दू होती, मुलींच्या शाळा निघाल्या त्या उर्दू माध्यमाच्या. कोकणातल्या हजारो मुली शिकल्या त्या उर्दूमुळे, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण त्याचबरोबर उर्दू म्हणजे शरीफ आणि कोकणी म्हणजे गावंढळ ही समजूतही आली. आम्ही शाळेत असताना एक मास्तर बोलीतला शब्द तोंडून निघाला की बाकावर उभे करीत. पुढे मराठी कॉलेजात गेलो, तर तिथे आमचे तेच बोलणे ऐकून वर्ग हसला. मराठी नाटक-सिनेमातला मुसलमान मोडक्या हिंदीतच बोलतो, त्यामुळे तो आमच्यासारखे बोलू शकतो हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. लिहिणाऱ्यांनीही मग दोनपैकी एक वाट धरली. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 'इंधन' लिहिली ती मराठीत. बदीउज्जमा खावर यांनी उर्दू आणि मराठी दोन्हींत गझल लिहिली. बोलीला दोन्ही वाटांवर फारशी जागा मिळाली नाही.

बाकावर उभे राहण्याची ती शिक्षा आम्हांला आठवली ती आयर्लंडचा इतिहास वाचताना. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मुलांच्या गळ्यात एक काठी अडकवीत. मूल आयरिश बोलले की काठीवर एक खाच पाडायची आणि दिवसअखेर खाचा मोजून मार द्यायचा. वाईट एवढ्याचेच वाटत नाही. कित्येक ठिकाणी ही खाच घरी आईबापच पाडीत. त्यांना मूल इंग्रजी शिकून अमेरिकेला जायला हवे होते. डॅनियल ओकॉनेल हा तिथला थोर पुढारी, स्वतः आयरिश बोलत वाढलेला. पण ती भाषा मागे पडली तर आपल्याला खेद नाही, असे त्याचे मत होते. १८४५ पासून बटाट्याचे पीक गेले. दुष्काळात सुमारे दहा लाख मेले, त्याहून अधिक जहाजांत बसून गेले. यात पश्चिम किनाऱ्यावरचे गरीब जास्त, म्हणजे आयरिश बोलणारेच जास्त. १८५१ साली जनगणनेत प्रथमच भाषा विचारली गेली, तेव्हा ती बोलणारे पंधरा लाख निघाले. १८९१ साली सात लाखांहून कमी उरले. १८९३ साली डग्लस हाइड आणि मंडळींनी गेलिक लीग काढली. हा हाइड प्रोटेस्टंट होता आणि पुढे १९३८ साली देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा केले. २००७ साली ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली.

आणि एवढे करून हाती काय आले? २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर रोज बोलणारे त्यात ७१,९६८. रकाना भरला, चूल रिकामी. आमच्याकडे नेमके उलटे आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर, राजिवड्याच्या गल्लीत, फणसोप-साखरतरच्या घरांत बोली रोज ऐकू येते आणि कागदावर ती नाही. आमच्यातले काही जण यावरून निश्चिंत होतात. आम्ही होत नाही. कारण चूलही आता हलू लागली आहे.

हलली की काय होते, याचा दाखला दूर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि जंजिऱ्याकडची आमची माणसे केप टाउनला जाऊन वसली. १९०२ च्या कायद्याने तिथे उतरायचे तर युरोपीय भाषेत लिहिता येणे आवश्यक झाले आणि १९१३ च्या कायद्याने नव्या माणसांची वाट जवळजवळ बंदच केली. तिथे ते अजूनही स्वतःला 'कोकणी' म्हणवतात. राजेंद मेस्त्री यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाने त्यांच्या बोलीचा अभ्यास केला; पण नातवंडांच्या तोंडी इंग्रजी आणि आफ्रिकान्स आली. आणि रत्नागिरीकरांना तर एवढे लांब जायलाही नको. १८८६ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणून ठेवले. त्याची नात टूटू आपल्या याच गावात लहानाची मोठी झाली, संसार केला, तो मराठी बोलत. राजघराण्याची भाषा इथे दोन पिढ्यांत विरली. आमच्याकडे तर राजवाडाही नाही.

१९७३ नंतर आखाताची दारे उघडली आणि घरटी एक माणूस कुवेत, दुबई, दमामला गेला. पैशाने घरे पक्की झाली. बायकामुलेही मागाहून गेली. आता ईदला फोनवर नातवंडे येतात ती इंग्रजी आणि थोडी उर्दू घेऊन. आमची दादी २०१६ साली गेली. शेवटच्या वर्षी तिचा पणतू तिच्याशी फोनवर बोलायचा. तो "दादी, हाऊ आर यू" म्हणायचा, ती "बरी हाय रे बाबा, तू जेवलास काय?" विचारायची आणि मग दोघेही नुसते हसत राहायचे. मधे बसून आम्ही दुभाषा करीत असू.

तिला शंभरेक लग्नाची गाणी पाठ होती. आम्ही सतरा उतरवून घेतली, तीही देवनागरीत लिहावी की उर्दू लिपीत यावर भावंडांत आठवडाभर वाद घालून. बाकीची गेली. थोरल्या बंधूंनी ती वही आता स्वतःकडे ठेवली आहे. २०२७ च्या जनगणनेची वार्ता आली तेव्हा आम्ही त्यांना विचारले, या खेपेला काय सांगणार? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माना इचारू नको. त्या दिवशी तूच दारात बस."