शंकू म्हणजे मुळात खुंटी

शंकू म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो आइस्क्रीमचा कोन, नाहीतर भूमितीच्या तासाला टेबलावर ठेवलेला, तिरका कापलेला लाकडी ठोकळा. संस्कृतात मात्र शंकु म्हणजे मेख, जमिनीत ठोकलेली खुंटी. ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत ती सहसा बारा अंगुळांची असते आणि तिचं काम एकच, सावली पाडणं. शंकुच्छेद, म्हणजे शंकू कापून मिळणारे वक्र, शिकवायला याहून स्वस्त साधन नाही.

यवतमाळातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणात हे करून पाहता येतं. सपाट पाटावर आलेखाचा कागद चिकटवायचा, पाच सेंटिमीटर वर राहील असा खिळा सरळ ठोकायचा. डिसेंबर अखेरीस सकाळी सव्वानऊला खिळ्याची सावली वायव्येला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर लांब पडते. टोक जरा धूसरच दिसतं, कारण सूर्य हा बिंदू नव्हे, तबकडी आहे. टोकाला मणी बसवला की काम सोपं होतं. दर पंधरा मिनिटांनी एक ठिपका. इथला मध्यान्ह बाराला होत नाही. भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि यवतमाळ 78 अंशांच्या जवळ, म्हणून सव्वाबारा वाजतात. तेव्हा सावली सर्वांत आखूड, पाच सेंटिमीटरहून जराशी कमी. मग ती ईशान्येकडे पुन्हा लांबत जाते. ठिपके जोडले की उत्तरेकडे तोंड उघडलेला वक्र मिळतो. तो अपास्त, म्हणजे हायपरबोला.

कापलेला शंकू इथे दिसत नाही, पण असतो. दिवसभरात सूर्य आकाशात वर्तुळ फिरतो. त्याचे किरण खिळ्याच्या टोकातून जाताना शंकू तयार होतो आणि कागद त्याला छेदतो. विषुवदिनी हा शंकू उघडत जाऊन सपाट होतो, म्हणून त्या दिवशी ठिपके सरळ रेषेत येतात. दुसरा शंकुच्छेद, विवृत्त (लंबवर्तुळ), हवं तर मध्यरात्रीही सूर्य न मावळणाऱ्या ध्रुवीय प्रदेशात जावं लागेल. वर्गात मात्र त्यासाठी भिंतीवर तिरका धरलेला टॉर्च पुरतो.

सावलीचे हे ठिपके आपल्याकडे फार जुने आहेत. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या कात्यायन शुल्बसूत्रात खुंटीभोवती दोरीनं वर्तुळ काढतात, सावलीचं टोक त्याला सकाळी आणि दुपारनंतर जिथे शिवतं तिथे खुणा करतात. खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. हे दोन्ही बिंदू अपास्तावरचेच, पण वेदी आखणाऱ्याला मधल्या वाटेशी कर्तव्य नव्हतं. सूर्यसिद्धान्त या ज्योतिषग्रंथानं ती वाटही काढली, मात्र तीन बिंदूंतून जाणारं वर्तुळ म्हणून. ही चूक सातवीतलं पोरही कंपास लावून पकडू शकतं.

ग्रीसमध्ये इ.स.पू. चौथ्या शतकात मेनेक्मसनं हे वक्र हाताळले. पुढे अपोलोनियसनं त्यांना आज जगभर चालणारी नावं दिली. मुळात शंकू कापण्याची कल्पना सुचली कुठून? गणित-इतिहासकार ओटो नॉयगेबाउअर यांनी 1948 मध्ये सुचवलं की छायायंत्रातून. सिद्ध झालेलं नाही, पण पाटावर ठिपके मांडल्यावर ते पटू लागतं.

तिसऱ्या शंकुच्छेदासाठी, अन्वस्तासाठी (पॅराबोला), तर कागदच पुरे. एका कडेजवळ बिंदू घ्यायचा, कडेची वेगवेगळी ठिकाणं त्या बिंदूवर आणून घड्या घालत राहायचं. वीसेक घड्यांनंतर त्यांच्यामधून अन्वस्त उमटतो. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं. बालवाडीतला घड्यांचा खेळ हे त्याचं मूळ आणि शंकुच्छेदांवर त्यात वेगळं प्रकरण आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतल्यावर 1901 मध्ये ते अमेरिकेतही छापलं गेलं.

खिळ्याचा पाट मात्र वर्षभर जपून ठेवावा. 21 जूनच्या मध्यान्ही यवतमाळात त्याच खिळ्याची सावली चक्क दक्षिणेला पडते, तीन मिलिमीटरही नाही, आणि अपास्ताचं तोंड दक्षिणेकडे वळलेलं असतं. मधे मे आणि जुलैच्या विशीत एकेक दिवस असा येतो की मध्यान्ही सावली खिळ्याच्या बुडातच शिरते. मेमध्ये सुट्टी असते. जुलैत शाळा भरलेली असते, तेव्हा त्या दुपारी ढगांनी थोडी वाट द्यायला हवी.