वारसाचे कागद : तंजावरचा दत्तकवाद आणि ओरत्तनाडुचे छत्र

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने निघालात की वाटेत ओरत्तनाडु लागते. येथे सरफोजी राजांनी १८०२ मध्ये उभारलेले मुक्ताम्बाळ छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय. ज्या मुक्ताम्बाळच्या नावाने ते बांधले, ती राजांची विवाहित राणी नव्हती. आणि ते बांधणारे सरफोजी स्वतः दत्तक पुत्र होते. ‘हा मुलगा खरोखर या घराचा आहे काय’ या प्रश्नाची चौकशी त्यांच्या बाबतीत अकरा वर्षे रेंगाळली होती.

हाच प्रश्न आजही विचारला जातो, फक्त विचारणारे कार्यालय बदलले आहे. परदेशात स्थायिक झालेली व्यक्ती आपल्या जोडीदाराच्या आधीच्या लग्नाच्या मुलाला तिकडे नेण्यासाठी अर्ज करते, तेव्हा ‘मी याला मुलगा मानतो’ एवढे म्हणून भागत नाही. अशा अर्जाला कोणते कागद लागतात आणि का, हे समजून घ्यायला तंजावरचा इतिहास उपयोगी पडतो.

१. दत्तक आणि आक्षेप

तंजावरचे मराठा राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी स्थापन केले. त्यांच्या वंशातील तुळजाजी राजांची मुले हयात राहिली नाहीत. म्हणून १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांनी भोसले घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतील सरफोजींना दत्तक घेतले. सरफोजींचा जन्म १७७७ चा, म्हणजे मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. राजांनी जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांना बोलावून मुलाला त्यांच्या हवाली करण्याची इच्छा सांगितली. श्वार्ट्झ यांनी एकट्याने ही जबाबदारी घेण्यास नकार दिला. तेव्हा राजांनी आपले सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे कारभार सोपवला.

तुळजाजींच्या निधनानंतर अमरसिंग यांनी गादीवर स्वतःचाच हक्क सांगितला. इंग्रज कंपनीच्या मद्रास सरकारने पंडितांचे मत घेतले. दत्तकावरचे मुख्य आक्षेप असे होते : मुलगा जन्मदात्या पित्याचा एकुलता एक आहे, त्याचे वय जास्त आहे आणि दत्तक घेताना राजांची प्रकृती ढासळलेली होती. दत्तक अमान्य ठरून अमरसिंग गादीवर बसले.

हे आक्षेप नीट पाहा. विधी झाला की नाही, असा वाद येथे नाही. मूल देणाऱ्याला तो अधिकार होता का, मूल योग्य वयाचे होते का आणि घेणारा भानावर होता का, असे हे तीन प्रश्न आहेत. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

२. तीच घटना, उलटा निकाल

१७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडला. या वेळी बंगाल व काशीकडील पंडितांची मते मागवली गेली आणि दत्तक शास्त्रसंमत असल्याचा अभिप्राय आला. श्वार्ट्झ यांचे म्हणणेही सरफोजींच्या बाजूने होते. घटना घडत असताना तेथे उपस्थित असलेला, पण वारशात वाटा नसलेला साक्षीदार म्हणून त्यांना वजन होते. फेब्रुवारी १७९८ मध्ये ते वारले. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर आले.

मात्र निकाल केवळ पुराव्याने फिरला, असे समजू नका. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला, वार्षिक नेमणूक व उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राहिला. कागद वाचणाऱ्याचे हितसंबंधही इतिहासाच्या अभ्यासकाने तपासले पाहिजेत.

एकुलत्या एका मुलाच्या दत्तकाचा मुद्दा पुढेही वादात राहिला. असे दत्तक वैध आहे, असा स्पष्ट निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये दिला.

३. दगडावरची नोंद, छत्रातली नोंद

१८०३ मध्ये सरफोजींनी बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. हा अतिशय मोठा शिलालेख सरफोजींपर्यंतची वंशपरंपरा सांगतो. ज्याच्या पुत्रत्वावर शंका घेतली गेली, त्याने आपली वंशावळ दगडावर कोरवावी, यात नवल नाही.

ओरत्तनाडुचे छत्र मात्र वेगळे नाते सांगते. मुक्ताम्बाळला राणीचे स्थान नव्हते, तरी तिचे नाव वास्तूवर राहिले. छत्रांचे उत्पन्न टिकावे म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहिले. वाटसरूंच्या अनाथ मुलांना छत्रात शिक्षकाच्या देखरेखीखाली ठेवून अन्न, वस्त्र, औषध व शिक्षण दिले जाते आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही केला जातो, असे त्यात नमूद आहे. तेथे मुलाला जेवू घालण्याआधी कोणी वंशावळ मागत नव्हते. सांभाळ आणि वारसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे येथे दिसते.

४. कागद असूनही

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी पुत्रहीन वारले. कंपनीने राज्य तर घेतलेच, खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला आणि मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, न्यायालय त्यात पडू शकत नाही. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता परत दिली, तीही हक्क म्हणून नव्हे.

५. आजच्या अर्जाकडे

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात सावत्र मूल कोणाला म्हणायचे, हे लग्नाच्या तारखेवर ठरते : मूल अठरा वर्षांचे होण्याआधी ते लग्न झालेले असावे. सरफोजींच्या वेळचा वयाचा प्रश्न येथे वेगळ्या रूपात भेटतो. म्हणून मुलाचा जन्मदाखला, सध्याच्या लग्नाचा दाखला आणि दोघांचीही आधीची लग्ने संपल्याचे कागद (घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला) मागतात. पहिला कागद मूल आणि जन्मदाता यांना जोडतो, दुसरा जन्मदाता आणि सावत्र पालक यांना. तिसऱ्यावर दुसऱ्याची वैधता उभी असते. साखळीतली एक कडी निसटली की प्रेमाने वाढवलेले मूलही कायद्याला परके ठरते.

जन्माची नोंद नसेल तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्याला शाळेच्या दाखल्याची आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांची जोड द्यावी लागते. अशा वेळी घटनेच्या काळातली आणि ज्याचा फायदा नाही अशा माणसाने केलेली नोंद सर्वांत भक्कम ठरते. श्वार्ट्झ यांच्या साक्षीला वजन का होते, हे आठवा.

विचारासाठी : ओरत्तनाडुच्या छत्रावरचे नाव आणि बृहदीश्वर मंदिरातली वंशावळ या दोन्ही नात्यांच्याच नोंदी आहेत. वारसाच्या दाव्यात त्यांतली कोणती चालली असती, आणि ती नोंद करण्याचा अधिकार कोणाकडे होता?