टायरॅनोसॉर
पॅडी कॉन्सिडाइन लिखित-दिग्दर्शित ब्रिटिश चित्रपट (२०११). ‘डॉग ऑलटुगेदर’ (२००७) या त्यांच्याच लघुपटाचा हा विस्तार. विधुर, बेरोजगार जोसेफ (पीटर मलन) दारू आणि संतापाच्या भरात स्वतःच्याच कुत्र्याला लाथ घालून मारतो. पुढे तो आडोशासाठी हॅनाच्या (ऑलिव्हिया कोलमन) धर्मादाय दुकानात शिरतो. ती श्रद्धाळू ख्रिस्ती; पण नवऱ्याचा अमानुष छळ सोसताना तीही दारूचा आधार घेते. तिची दशा उमगत जाते तसा जोसेफ स्वतःच्या हिंसेला सामोरा जाऊ लागतो. त्याला स्वस्तात क्षमा मिळत नाही, हे या चित्रपटाचे खरे मोठेपण. कोलमनचा अभिनय तर हेलावून सोडतो. सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार, शिवाय मलन व कोलमन यांना विशेष परीक्षक पारितोषिक. पुढे पदार्पणासाठी बाफ्ता.