पगाराचा दिवस

आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांना महिन्याअखेरीस पगार मिळतो. बदली कोठेही होवो, त्यात सहसा खंड पडत नाही. त्यामुळे ठरल्या दिवशी आणि पुरता पगार हाती पडणे हाही एक हक्क आहे, याचा आपणांस विसर पडतो. गरीब कामगाराला तो हक्क सुखासुखी मिळालेला नाही.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कामगार आपल्यासारखाच घर सोडून आलेला होता. महिना भरला तरी त्याचा पगार पुढील महिन्याच्या मध्याच्या सुमारास होई. तोवर चूल पेटे ती वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर. रुपयाला दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५, हा व्याजाचा दर तेथे सर्रास चाले. हाती येणारा पगारही अखंड नसे. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा रोज कापण्याची चाल काही गिरण्यांत होती. विणताना बिघडलेले कापड विणकऱ्याच्याच माथी मारून त्याची किंमत वसूल केली जाई.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांस ठाऊक आहे. ती १८९० साली मान्य झाली. परंतु पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार मिळावा, अशीही मागणी त्यात होती. तिला कायद्याचे रूप येण्यास अर्धशतक लोटले. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने या प्रश्नाची चौकशी केली, ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. पुढे १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. एक हजाराहून कमी कामगार असतील तेथे ७ तारखेच्या आत, इतरत्र १० तारखेच्या आत पगार. दंड रुपयाला अर्ध्या आण्याहून अधिक नाही, आणि कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून तर मुळीच नाही. दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावी, अशी त्याची कलमे होती.

तथापि कायदा कागदावर राहून भागत नाही. नोकरीच्या आरंभी एका ठेकेदाराचे पगारपत्रक मी तपासले होते. रकान्यांत सर्वांचे अंगठे उठलेले होते. त्यांपैकी कित्येकांना दोन महिन्यांत दमडीही मिळालेली नव्हती.

१९४८ साली किमान वेतनाचा कायदा आला. हे दोन्ही कायदे २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. परंतु आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या खाड्याचा हिशेब पाहण्यास सहसा कोणी निरीक्षक येत नाही. तेथे मालक आपण, आणि निरीक्षकही आपणच. तिचा पगार ठरल्या तारखेस, न कापता, तिच्या हाती पडला, तर लोखंड्यांची मागणी निदान आपल्या उंबरठ्याच्या आत तरी पुरी झाली, असे म्हणता येईल.