भाकर, रोडगा आणि पाव : आपल्या चुलीचा अल्प इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत मंदिराचा, धर्मगुरूंचा आणि शाळांचा इतिहास असावा हें योग्यच आहे. परंतु ज्या अन्नावर आपले वाडवडील जगले त्याचीहि हकीकत नमूद करणें अप्रस्तुत होणार नाहीं. वेदी आणि चूल या दोहोंस जोडणारी वस्तु म्हणजे भाकर. बुलढाणा जिल्ह्यांत व भोंवतालच्या मुलखांत पीठ भाजून अन्न करण्याच्या ज्या रीति चालत आल्या, त्यांचा हा अल्प आढावा वाचकांस सादर करीत आहों.

वऱ्हाड हा मूळचा ज्वारीचा प्रांत. ज्वारीच्या पिठांत गव्हासारखा चिवट अंश नसतो, म्हणून तें आंबवून पावासारखें फुगत नाहीं. ऊन पाण्यांत मळून हातानेंच थापावें लागतें. मराठी बायबलांतहि याच अर्थीं 'भाकर' हा शब्द रूढ झाला. परदेशच्या धर्मग्रंथांतील अन्नास आपल्या शेतांतील नांव मिळालें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

गहू हाताशीं असला म्हणजे वऱ्हाडी माणूस रोडगे करी. जाडसर कणीक घट्ट मळावयाची, तेलाचा हात लावून थर द्यावयाचे, गोळे वळावयाचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजावयाचे. मग राख झटकून तूप आणि वांग्याच्या भाजीबरोबर खावयाचे. पळसाच्या पानांत ठेवून भाजलेले ते पानगे. येथें भट्टी नाहीं, खमीर नाहीं, भांडेंहि नाहीं; शेताचा बांध हीच भटारखाना. मलकापुराच्या पश्चिमेस खानदेश लागतो. तेथील सुगरणी उलट्या खापरावर हातरुमालाएवढे पातळ मांडे भाजतात. मुक्ताबाईंनीं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही आख्यायिका कोणास ठाऊक नाहीं?

खमिराची भाकर या भागांत दोन वाटांनीं आली. पहिली वाट दक्षिणेंतील मुसलमानी दरबारांची. तंदुरांतील नान व कुलचा हे पदार्थ दौलताबाद, औरंगाबाद आणि बऱ्हाणपूर या शहरांत रुजले. आपल्याच जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें इ. स. १७२४ मध्यें निजाम-उल्-मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव करून हैदराबादच्या असफजाही घराण्याचा पाया घातला. त्या घराण्याच्या निशाणावरील वाटोळें चिन्ह कुलच्याचेंच, असें लोक सांगत आले आहेत. एका फकिरानें निजामास कुलचे खाऊं घातले, अशी त्यामागील दंतकथा.

दुसरी वाट समुद्राची. पोर्तुगीजांनीं १५१० त गोवें घेतलें. १५३४ त वसई त्यांच्या हातीं आली आणि १७३९ त चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. 'पाव' हा शब्द त्यांच्याच भाषेंतला. परंतु त्यांच्या देशचें खमीर येथें मिळेना, तेव्हां गोव्याच्या भटाऱ्यांनीं माडाची ताडी पिठांत घातली. ताडींत सूक्ष्म किण्वजीव आपोआप वाढतात. ते पिठांतील साखरेवर जगून वायु सोडतात, गव्हाचा चिवट अंश तो वायु अडवून धरतो आणि कणीक फुगते. वाटोळा उंडो, कोंड्याची पोयी, बांगडीसारखें कांकण असे प्रकार त्यांतून झाले, आणि तेथील 'पोदेर' आजहि दारोदार पाव पोंचवितो. वसईकडील ख्रिस्ती घरांत अशाच आंबविलेल्या कणकेचे फुगे सणासुदीस तळतात.

मात्र हा पाव शतकानुशतकें वादाचा विषय होता. विहिरींत पावाचा तुकडा टाकून गांवच्या गांवें बाटविलीं, ही गोष्ट कोंकणांत घरोघर सांगितली जाई. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहाबिस्किटांचा समारंभ झाला. टिळक व रानडे यांच्यासारखे पुरुष तेथें हजर होते म्हणून मोठें ग्रामण्य माजलें आणि प्रायश्चित्तांची चर्चा वर्षानुवर्षें चालली. भाजलेल्या पिठाच्या एका तुकड्यानें माणसें जातीबाहेर पडत होतीं! आज वडापाव सर्व जातींचे लोक एका गाडीवर उभे राहून खातात. कायद्याच्या जोडीनें भुकेनेंहि कांहीं भिंती पाडल्या, असेंच म्हणावें लागेल.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ त नागपुरास पोंचली आणि मलकापूर, शेगांव हीं गांवें मुंबईशीं जोडलीं गेलीं. पुढें १९५५ त अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. आपला जिल्हा त्यांतच मोडतो. केरळांतून आलेल्या धर्मगुरु, धर्मभगिनी व परिचारिकांमुळें आणखी एका भाकरीची ओळख झाली. तेथील कित्येक ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारीं तांदळाच्या पिठाची बेखमीर 'पेसहा अप्पम' करतात आणि घरचा कर्ता ती मोडून सर्वांस वांटतो.

आतां वेदीकडे पाहूं. लॅटिन विधींतील मिस्सेची भाकर केवळ गहू आणि पाणी यांची असून तींत खमीर नसतें. दोन तप्त लोखंडी पत्र्यांमध्यें ती भाजतात. म्हणजे रोडगा तिचा दूरचा भाऊच ठरतो. पूर्वेकडील कित्येक मंडळ्या मात्र खमिराचीच भाकर वेदीवर ठेवितात. रीति दोन, दान एकच.

सध्यां कोरडें खमीर पुडींत मिळतें, घरोघर विजेच्या भट्ट्या येत आहेत, आणि तरुण भगिनी हौसेनें परदेशी पाव भाजूं लागल्या आहेत. तें स्तुत्य आहे. परंतु निखारा केव्हां राखेखालीं दाबावा, रोडगा केव्हां उलटावा, हें ज्ञान कोणत्याहि पुडींत मिळत नाहीं. तें वृद्ध मातांच्या हातांत आहे आणि त्यांच्याबरोबरच जाण्याचा संभव आहे. पुढील ज्युबिलीच्या पंगतींत पावाशेजारीं रोडगाहि वाढला जावा असें वाटत असेल, तर प्रत्येक घरानें तें आजच शिकून घ्यावें. ज्या भाकरीनें एके काळीं माणसें दुरावलीं, तिच्याच वांटणींत माणसें जवळ यावींत, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.