पाय हवेत, कर्ज डोक्यावर

पनवेलच्या पुढे, खोपोलीजवळ इमॅजिकात 'नायट्रो' आहे. याच्या गाडीला तळच नाही, पाय चक्क हवेत! बोलिगर अँड माबियार या स्विस कंपनीने असला पहिला कोस्टर १९९९ मध्ये अमेरिकेत उभारला. मग २००२ मध्ये त्यांनीच इंग्लंडात ऑल्टन टॉवर्सला लोकांना पालथं टांगून, पक्ष्यासारखं उडवलं. आपला नायट्रो २०१३ चा, म्हणजे बसूनच उडायचं.

साखळी गाडी फक्त वर ओढते. पुढच्या पाच उलट्या गिरक्या निव्वळ गुरुत्वाकर्षणावर. धंद्याचं गणित इतकं सोपं नाही. मनमोहन शेट्टींनी उभारलेलं हे पार्क कर्जात रुतलं, २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं. आणि आपण? तिकीट महाग म्हणून रांगेत कुरकुरतो. मीपण कुरकुरलोय.