हिब्रू धर्म : देवाची वाणी की माणसाची निर्मिती?

वर्षावासात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या तालुक्यांतल्या गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. या ग्रंथात बाबासाहेब एक महत्त्वाचा भेद करतात. काही धर्म देवाने प्रकट केलेले मानले जातात. देव एखाद्या निवडक माणसाला संदेश देतो आणि तो माणूस प्रेषित होतो. बुद्धाचा धम्म तसा नाही. तो माणसाने माणसासाठी लावलेला शोध आहे. हा भाग वाचताना तरुण हमखास विचारतात की ‘देवाने प्रकट केलेला धर्म’ म्हणजे नेमका कोणता, आणि तसा दावा तपासायचा कसा?

या दाव्याचे जगातले एक सर्वांत जुने आणि प्रभावी उदाहरण म्हणजे प्राचीन हिब्रू लोकांचा धर्म. यहुदी धर्म त्यातूनच वाढला. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांनीही त्याचा वारसा सांगितला. आणि हा धर्म काही आपल्यापासून सातासमुद्रापार नाही. मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज तो कोकणात शेकडो वर्षे पाळत आला आहे.

दावा काय आहे?

हिब्रू पवित्र ग्रंथाला ‘तनाख’ म्हणतात. यहुदी मोजणीप्रमाणे त्यात २४ पुस्तके आहेत आणि त्यांचे तीन भाग आहेत : तोरा, संदेष्टे आणि लेख. तोरा म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तके. परंपरा असे सांगते की इस्रायली लोक मिसर देशात गुलाम होते. मोशेने त्यांना बाहेर काढले आणि सिनाय पर्वतावर देवाने मोशेला नियमशास्त्र दिले.

श्रद्धावंतांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. बाराव्या शतकातला यहुदी विचारवंत यहुदा हालेवी म्हणतो की इतर धर्मांत एकट्यादुकट्या माणसाला साक्षात्कार झाला, सिनायला मात्र सहा लाखांचा जनसमुदाय साक्षीला होता, मग ही गोष्ट खोटी कशी असेल? हा युक्तिवाद आजही केला जातो. त्यात एक अडचण आहे. त्या सहा लाखांपैकी कुणाचीही स्वतंत्र साक्ष आपल्याकडे नाही. सहा लाख लोक हजर होते, ही माहितीही त्याच ग्रंथातून येते. म्हणजे ज्याची तपासणी करायची, तोच साक्षीदार आहे.

ग्रंथाच्या आतला पुरावा

ग्रंथ कुणी लिहिला याचा शोध घ्यायचा तर आधी ग्रंथ बारकाईने वाचावा लागतो. अनुवाद या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात मोशेच्या मृत्यूचे आणि दफनाचे वर्णन आहे. संपूर्ण तोरा मोशेनेच लिहिली असेल तर त्याने स्वतःच्या मृत्यूनंतरची हकिगत कशी लिहिली? उत्पत्तीच्या ३६व्या अध्यायात ‘इस्रायलात राजा होण्यापूर्वीचे’ अदोमचे राजे सांगितले आहेत. हे वाक्य इस्रायलात राजे होऊन गेल्यानंतरच कुणी लिहू शकतो. जगाच्या निर्मितीच्याही दोन कथा लागोपाठ येतात. पहिल्या अध्यायात आधी प्राणी आणि मग स्त्री-पुरुष एकत्र निर्माण होतात. दुसऱ्यात आधी पुरुष, मग प्राणी आणि शेवटी स्त्री.

या विसंगती सर्वांत आधी दिसल्या त्या यहुदी अभ्यासकांनाच. बाराव्या शतकात अब्राहाम इब्न एझ्राने त्यांच्याकडे आडवळणाने बोट दाखवले. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या बारूख स्पिनोझाने तर उघडच लिहिले की तोरा मोशेने लिहिलेली नाही. त्याचा तो ग्रंथ १६७० साली निघाला. त्याआधीच, १६५६ मध्ये, त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केले होते. धर्माला प्रश्न विचारणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक युलिउस वेलहाउझेन याने तोरा हे वेगवेगळ्या काळांतल्या चार लेखनधारांचे मिश्रण आहे, अशी मांडणी केली. या मांडणीच्या तपशिलांवर आज वाद आहेत. पण तोरा एका हातची नाही आणि ती शतकानुशतके जोडली, सुधारली गेली, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

मातीतून निघालेला पुरावा

१८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथला मेसोपोटेमियातल्या एका मातीच्या पाटीवर महापुराची कथा सापडली. देवाने सावध केलेला एक माणूस, त्याने बांधलेली नाव, पूर ओसरला का हे पाहण्यासाठी सोडलेले पक्षी. नोहाच्या गोष्टीशी ती इतकी जुळते की दोन्ही कथा एकाच परंपरेतून आल्या, हे नाकारणे कठीण आहे.

१९०१-०२ मध्ये इराणमधल्या सुसा येथे हम्मुराबी या बाबिलोनी राजाच्या कायद्याचा दगड मिळाला. तो इ.स.पू. अठराव्या शतकातला आहे. बैलाने माणसाला भोसकले तर मालकाला काय शिक्षा, असे त्यातले नियम निर्गमच्या २१व्या अध्यायातल्या नियमांशी फार जवळचे आहेत. त्या दगडाच्या माथ्यावर हम्मुराबी सूर्यदेव शमाशसमोर उभा दिसतो. म्हणजे राजाने केलेल्या कायद्यामागे देव उभा करण्याची रीत हिब्रू ग्रंथाच्याही आधीची आहे.

‘देव एकच’ ही कल्पनाही एका दिवसात आलेली नाही. सिनायच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रूद येथे १९७५-७६ मध्ये झालेल्या उत्खननात इ.स.पू. ८००च्या सुमाराचे लेख मिळाले. त्यांत ‘याह्वे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद आहेत. अशेरा हे कनानी देवीचे नाव. हिब्रू ग्रंथच सांगतो की योशिया राजाच्या काळात, इ.स.पू. ६२२च्या सुमारास, मंदिरात नियमशास्त्राचे एक पुस्तक ‘सापडले’ आणि त्यानंतर राजाने यरुशलेमच्या मंदिरातून अशेराची मूर्ती बाहेर काढून जाळली. म्हणजे तोवर ती तिथे होती.

इ.स.पू. सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम पाडले आणि लोकांना कैद करून नेले. दुसरा कुणी देवच नाही, ही भूमिका सर्वांत ठामपणे येते ती याच बंदिवासाच्या काळातल्या, यशयाच्या उत्तरार्धातल्या लेखनात. मंदिर गेले, राजा गेला, जमीन गेली. ग्रंथ आणि श्रद्धा यांच्या बळावर समाज टिकवायचा होता. धर्माने घेतलेल्या या वळणामागची माणसांची गरज इथे स्वच्छ दिसते.

मग सगळे खोटेच का?

नाही. ‘माणसाने निर्माण केलेले’ म्हणजे ‘फसवणूक’ नव्हे. मिसरमधून लाखो लोक बाहेर पडल्याचा पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही. ‘इस्रायल’ हे नाव प्रथम दिसते ते इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या मेर्नेप्ताह या मिसरी राजाच्या शिलालेखात, आणि तेही कनान प्रदेशातले लोक म्हणून. तरीही गुलामांच्या सुटकेची कथा एखादा समाज आपली मूळकथा म्हणून जपतो, याला अर्थ आहे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. औंढा नागनाथला नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. दगडी देऊळ फिरत नाही. पण शिंप्याच्या पोराला देवळासमोरून उठवले जात होते, हे दुःख खरे होते. लोकांनी त्या दुःखाला कथेत न्याय मिळवून दिला. निर्गमची कथाही अशीच वाचता येते. चमत्कार बाजूला ठेवला की माणूस दिसतो.

हिब्रू परंपरेत न्यायाचा आवाजही आहे. इ.स.पू. आठव्या शतकातला आमोस गरिबांना लुबाडून यज्ञ करणाऱ्यांवर कडाडून टीका करतो. सातव्या दिवशी दासदासींनाही विश्रांती द्या, कारण तुम्हीही गुलाम होता, असे अनुवादमध्ये म्हटले आहे. आणि त्याच तोरेत, लेवीयच्या २५व्या अध्यायात, परक्या लोकांना कायमचे गुलाम म्हणून ठेवण्याची आणि मुलांना वारसाहक्काने देण्याची परवानगी आहे. सगळे देवाचे शब्द म्हटले तर दोन्ही सारखेच पवित्र ठरतात. माणसांचे शब्द म्हटले तर पहिले स्वीकारता येते आणि दुसरे नाकारता येते. या प्रश्नाचे व्यवहारातले मोल इथे कळते.

कोकणातले ‘शनिवार तेली’

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, दिवेकर, पेणकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली.

त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता, हिब्रू भाषाही उरली नव्हती. उरले काय? शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. सणांना मराठी नावे मिळाली : खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ-खोबऱ्याचा मलिदा होऊ लागला. पुढे कोचीनच्या यहुद्यांनी त्यांना विधी शिकवले आणि जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. सिनायला काय झाले हे कुणी सिद्ध करू शकत नाही, पण कोकणात हा धर्म तेल गाळणाऱ्या बायाबापड्यांनी हातांनी जपला, हे सिद्ध आहे.

या समाजातही ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असा भेद शिरला आणि त्यांच्यात बेटीव्यवहार टाळला जाई. जातीची हवा कुठवर पोहोचते, त्याचा हा नमुना. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या वेळी याच बेने इस्रायलांच्या वंशशुद्धीवर शंका घेतली. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण यहुदी मानावे असे सांगितले. देवाच्या नावाने घातलेली अट माणसांनी लढून हटवली.

आपल्याकडचा दावा

मीमांसक वेदांना ‘अपौरुषेय’ म्हणतात. म्हणजे त्यांचा कर्ता माणूस नाही आणि देवही नाही, ते अनादि आहेत. मनुस्मृती आपला उगम थेट ब्रह्मदेवापर्यंत नेते. बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये वेदांच्या उत्पत्तीबद्दल वैदिक वाङ्मयातच किती परस्परविरोधी उत्तरे आहेत, हे मांडून दाखवले. ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’मध्ये त्यांनी रॉबर्टसन स्मिथच्या सेमिटिक धर्मांवरील अभ्यासाचा आधार घेतला आणि धर्म समाजाबरोबर बदलत जातो, म्हणून त्याला न्यायाच्या कसोटीवर घासता येते, हे सांगितले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तेही कोकणातच, बेने इस्रायलांच्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात. ‘हा ग्रंथ माणसाने लिहिला, म्हणून माणूस तो नाकारू शकतो’, हा त्या आगीचा अर्थ होता.

कसोटी सर्वांना एकच

तेविज्ज सुत्तात बुद्ध विचारतात : ब्रह्मदेवाकडे जाण्याचा मार्ग सांगणाऱ्यांपैकी कुणी त्याला प्रत्यक्ष पाहिले आहे का? त्यांच्या गुरूंनी, गुरूंच्या गुरूंनी? कुणीच नाही. मग ही एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांची रांग आहे. कालाम सुत्तात ते सांगतात की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. हितकारक आहे का ते स्वतः तपासा.

ही कसोटी फक्त दुसऱ्यांच्या ग्रंथांसाठी नाही. तिपिटकही शतकानुशतके तोंडी चालत आले आणि इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहिले गेले. म्हणूनच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच परंपरेने सांगितलेल्या गृहत्यागाच्या कारणावर प्रश्न उभा केला. म्हातारा, आजारी आणि प्रेत सिद्धार्थाला एकोणतीस वर्षांत कधी दिसलेच नाही, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपण बुद्धाला नवसाला पावणारा देव केले, बाबासाहेबांच्या प्रत्येक वाक्याला अपौरुषेय केले, तर आपणही त्याच रांगेत उभे राहू.

आणखी एक भान हवे. हिब्रू ग्रंथाची चिकित्सा म्हणजे यहुदी माणसाचा द्वेष नव्हे. त्या द्वेषाने युरोपात साठ लाख यहुद्यांचा बळी घेतला. ही चिकित्सा जगाला शिकवणाऱ्यांत यहुदी विचारवंतच पुढे होते.

देव आहे की नाही, हे उत्खननातून ठरत नाही. पण ग्रंथावर माणसांचे हात उमटले आहेत, एवढे नक्की दिसते. जे माणसाने केले, ते माणूस सुधारू शकतो, बदलू शकतो, गरज पडली तर सोडूही शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी हेच केले. येत्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवा. विहारात प्रश्न विचारले जाणे, हीच धम्म जिवंत असल्याची खूण आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!